साइत्स्के सातवीच्या बापाचे नाव

नोटरीसाहेब यांस,

मंगळवार दिनांक ३ नोव्हेंबर रोजी आमच्या घरी आले ते असे. बीटच्या चोथ्याची पोती चार, एकवीस गिल्डर साठ सेंट. डॉक्टरांनी लिहून दिलेले छातीचे थेंब, बाटली एक, तीन गिल्डर पंच्याऐंशी. करडी लोकर दोन लडी, दोन गिल्डर दहा. आणि गुरांचे रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेचे पत्र एक. त्याची फी साडेबारा गिल्डर आम्ही आधीच भरली होती, पण पाकिटावर तिकीट कमी लावलेले, म्हणून पोस्टमनने दारात आणखी बारा सेंट घेतले. ते बारा सेंट मला अजून बोचतात. हे पत्र फुकट आले असते तरी महाग होते.

ते वाचून नऊ दिवस झाले. माझे मन अजून ठिकाणावर आलेले नाही. तरीही कायद्याच्या दृष्टीने मी शुद्धीवर आहे, हे डॉक्टरांनी परवा मला उलटसुलट प्रश्न विचारून मान्य केले. तेव्हा:

मी, हिस्के डाइकस्ट्रा, दिवंगत रिन्से डाइकस्ट्रा यांची पत्नी, वय वर्षे अडुसष्ट, धंदा घरकाम, शिक्षण मॅट्रिक, राहणार आल्डेवीर, देवाला साक्ष ठेवून आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. दडपण आले होते, नाही असे नाही. ते कलम चारमध्ये आहे. यापूर्वी १९६१ साली आपल्याकडे ठेवलेले मृत्युपत्र मी रद्द करते. ते मी लिहिले तेव्हा मला माझ्याच गोठ्यातले काही माहीत नव्हते.

कलम एक. घर, गोठा आणि चराच्या अलीकडची एकवीस एकर कुरणे माझा एकुलता एक मुलगा डाउवे याला. तो कसतोच आहे. पाण्याच्या हौदाचे झाकण मात्र त्याने एकदाचे बसवावे. हे मी सहा वर्षे तोंडी सांगत आले, आता लेखी सांगते.

कलम दोन. माझी नणंद क्लास्ये हिने १९३८ साली वाफल भाजायचा लोखंडी साचा दोन दिवसांसाठी नेला. तो आता तिचाच समजावा. मागू नये. पण तो तिचा नव्हता, हे तिला कोणीतरी सांगावे.

कलम तीन. माझे दफन साध्या पेटीत करावे. फुले नकोत. आलेल्यांना कॉफी दोन वेळा आणि केकचा एकेक तुकडा. थडग्याच्या दगडावर रिन्सेच्या नावाखाली माझ्यासाठी जागा सोडलेली आहे, तिथेच नाव कोरावे. त्यांच्यावर माझा राग आहे. तो का आहे ते आता लिहितेच. पण दुसरी जागा घेतली तर दुप्पट पैसे पडतील, आणि शिवाय चौतीस वर्षे मी त्याच बाजूला झोपले आहे.

कलम चार. आता गोठ्याच्या वह्यांविषयी. हे कलम लांबेल.

१९३० सालापासून आमच्या गोठ्याची नोंद मी ठेवली. गाय कधी माजावर आली, कोणत्या दिवशी कोणत्या वळूकडे नेली, कधी व्याली, पाडी की गोऱ्हा, अंगावरचे काळे-पांढरे डाग कुठे कसे, त्यांचे चित्र. दर तीन आठवड्यांनी दूध-तपासनीस येऊन धारेचे वजन करी आणि फॅटसाठी बाटलीत नमुना नेई, तेही मी उतरवून घेई. एकतीस वह्या झाल्या. शाईने लिहिलेल्या, एकही पान फाडलेले नाही. जातिवंत गुरांच्या मंडळात म्हणत, डाइकस्ट्राबाईंची वही असली तर दुसरा पुरावा नको.

या गोठ्याचे नाव झाले ते साइत्स्के सातवीमुळे. दहा वेतांत तिने अठ्ठावन्न हजार किलो दूध दिले, फॅट सव्वाचार. १९५७ साली ल्यूवार्डनच्या प्रदर्शनात तिला पहिल्या बक्षिसाची फीत मिळाली. वहीत तिचा बाप मंडळाचा वळू ग्राफ असा लिहिलेला आहे, अक्षर माझे. आता तिचा चौदा महिन्यांचा गोऱ्हा कृत्रिम रेतनाचे केंद्र साडेचार हजार गिल्डरला घेणार होते. हल्ली केंद्र रक्त तपासल्याशिवाय वळू घेत नाही. म्हणून गोऱ्ह्याचे आणि साइत्स्केचे रक्त पाठवले. ग्राफ मेला, पण त्याच्या रक्ताची नोंद त्यांच्याकडे आहे.

पत्रात लिहिले होते की, ग्राफच्या रक्तात एक खूण दुहेरी होती, त्यामुळे त्याच्या प्रत्येक वासरात ती उतरलीच पाहिजे. साइत्स्केच्या रक्तात ती नाही. सबब ग्राफ हा तिचा बाप असू शकत नाही. एका महिन्यात लेखी खुलासा करावा.

मी पत्र चार वेळा वाचले. मग वही काढली. सोमवार, १५ मे १९५०: साइत्स्के चौथी, ग्राफकडे नेली. साइत्स्के चौथी म्हणजे सातवीची आई. ही ओळ मी रिन्सेच्या सांगण्यावरून लिहिली होती. ते टोपी खुंटीला लावता लावता म्हणाले होते, "लिही, ग्राफ." मी लिहिले. एवढेच.

डाउवेने पत्र वाचले आणि माझ्याकडे पाहिलेही नाही. मग म्हणाला, "आई, मंडळाचा तेव्हा दुसरा वळू होता ना? मार्कीस?"

"होता. ५३ साली गेला."

"त्याच्या रक्ताची नोंद कुणाकडे नाही. तू लिही, त्या सोमवारी ग्राफ लंगडत होता म्हणून मार्कीसकडे नेली, चुकून ग्राफ लिहिलं गेलं. तुझ्या वहीवर कुणी शंका घेणार नाही."

"पण तसं झालं नव्हतं."

"मग कसं झालं होतं? तुला माहितीये?"

मला माहीत नव्हते.

"आई, एक ओळ. फक्त एक ओळ. नाहीतर साइत्स्केचे कागद रद्द होतील, तिच्या पोरींचे होतील, नातींचे होतील. अर्धा गोठा बिनबापाचा होईल. गोऱ्हा खाटकाकडे जाईल. दूध गार ठेवायची टाकी मी कशातून आणू? तुझ्या लोकरीतून?"

तो वाईट मुलगा नाही, नोटरीसाहेब. त्याच्या टाकीचा कागद सहा महिने भिंतीवर चिकटवलेला आहे.

मी बसले. पेनात शाई भरली. "त्या सोमवारी" इतके लिहिले. मार्कीस हे नाव मला लिहिता येईना. तेवढ्यात दूध-तपासनीस वोप्के हूक्स्मा बाटल्यांची पेटी घेऊन आला. माझ्यापुढे वही पाहून म्हणाला, "बाई, सगळ्या गावात तुमच्या वहीवर मी माझं घड्याळ लावीन." तो आपला सहज बोलला. मी पेनचे टोपण लावले.

मग मला सुचले ते एवढेच, की चराच्या पलीकडे जाऊन शिर्कला विचारावे.

शिर्क बोन्स्मा हा आमचा शेजारी, वय शहात्तर. आमच्यामध्ये दीड वाव रुंदीचा एक चर आणि दहा वर्षांचा अबोला. तो चर्चला जात नाही. त्याच्याकडे एक लाल-पांढरा वळू होता, मंडळाने न मानलेला, आणि त्याचे नाव त्याने डोमिनी ठेवले होते. आपल्या पाळकांना आम्ही ज्या नावाने हाक मारतो तेच नाव, वळूला. कारण विचारले तर म्हणे, "रविवारी सकाळी तोही दीड तास बोलतो, आणि मलाही काही कळत नाही." हे मी कधी माफ केले नव्हते.

मी दार वाजवले. शिर्कने उघडले, मला पाहिले आणि म्हणाला, "शेजारीणबाई! कोण मेलं?"

"अजून कोणी नाही," मी म्हटले आणि पत्र पुढे केले.

त्याने चष्मा शोधला, वाचले, पत्र घडी करून परत दिले. कॉफी ओतली. बिस्किटांचा डबा काढला, मला एक दिले, आणि झाकण न लावता डबा तसाच टेबलावर ठेवला. आमच्याकडे पाहुण्याला एक बिस्किट देतात आणि झाकण लावतात. त्या उघड्या डब्याकडे पाहून मला कळले की ऐकायचे पुष्कळ आहे.

"सोमवार नव्हता तो," शिर्क म्हणाला. "रविवार होता. तुम्ही चर्चला. रिन्सेची दाढ दुखत होती, आठवतं?"

आठवले. लवंग मी स्वतः दिली होती.

"दाढबिढ काही नव्हती. साइत्स्के चौथी शनिवारी संध्याकाळी माजावर आली होती. त्याआधी दोनदा रविवारी आली, दोनदा तुम्ही नेऊ दिली नाही, सोमवारी नेली तर माज उतरलेला. आणखी एकदा हुकली असती तर खाटकाकडे. रिन्से तिला घेऊन चरावर टाकलेल्या फळीपाशी आला आणि म्हणाला, 'शिर्क, तुझा डोमिनी मोकळा आहे का?' मी म्हटलं, 'प्रवचन चालू आहे, पण थांबवतो.'"

इथे मला थांबून सांगितले पाहिजे. आमच्या घरी रविवारी काम नसते. बटाटे शनिवारीच सोलून पाण्यात ठेवायचे. धार काढायची, कारण कास तटतटली की जनावराला दुखते, ती दया आहे. पण गाय वळूकडे नेणे हा व्यवहार आहे, तो सोमवारी. हा निवाडा माझा. कोणा पाळकाचा नाही. १९३१ साली मीच ठरवले आणि बायबलच्या समासात पेन्सिलीने लिहून ठेवले: धार, दया. वळू, व्यवहार. गाय एक दिवस वाट पाहील असे मला वाटले होते. मला कोणी सांगितले नाही की गाईचा माज एक दिवससुद्धा टिकत नाही. रिन्से हिवाळ्यातल्या शेतकी वर्गाला जाऊन आले होते, त्यांना माहीत होते. त्यांनी मला सांगितलेही असेल. मी ऐकले नसेल.

"मग सोमवारी त्यांनी ग्राफकडे नेली ती?" मी विचारले.

"नेली. नुसती दाखवायला. गावातून चालवत, सगळ्यांना दिसेल अशी. ग्राफने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही." शिर्क हसला, मग हसायचा थांबला. "शेजारीणबाई, बिस्किट घ्या."

मी घेतले. मनात मात्र दिवस मोजत होते. १४ मेपासून दोनशे ऐंशी दिवस म्हणजे १८ फेब्रुवारी, रविवार. साइत्स्के सातवी १८ फेब्रुवारी १९५१ रोजी जन्मली, चर्चची घंटा व्हायच्या आधी. मी वहीत लिहिले होते, "एक दिवस लवकर." आणि रविवारी आली म्हणून खाली एक स्तोत्राची ओळ उतरवली होती. ती नऊ महिन्यांवर अगदी वेळेत आली होती. फक्त मी सोमवारपासून मोजत होते.

"तुम्हाला काय मिळायचं होतं?" मी विचारले. फुकट कोणी वळू सोडत नाही.

"रिन्से म्हणाला, कालवड झाली तर तिची पहिली कालवड तुझी."

नोटरीसाहेब, १९५४ च्या वसंतात साइत्स्के सातवी पहिल्यांदा व्याली, पाडी झाली, आणि तीन दिवसांनी शिर्क बोन्स्मा आमच्या दारात उभा राहिला. टोपी हातात. म्हणाला, "मी कालवडीचं विचारायला आलो." मला वाटले विकत मागतो आहे. मी म्हटले, "साइत्स्केची लेक डोमिनीच्या गोठ्यात नांदायला जायची नाही. तिला कूळ आहे." रिन्से माझ्या मागे उभे होते. त्यांनी एक शब्द काढला नाही. शिर्कने माझ्या खांद्यावरून त्यांच्याकडे पाहिले, टोपी घातली आणि गेला. त्या दिवसापासून अबोला, आणि तो त्याने धरला असे मी सर्वांना सांगत आले.

याहून वाईट आहे ते लिहिते. पुढच्या वर्षी वळूंच्या तपासणीचा नियम कडक झाला. रिन्से मंडळावर होते आणि मंडळाचे टपाल मी लिहीत असे. मी लिहिले की आमच्या चरापलीकडे एक बिनकागदी लाल वळू मोकळा आहे, त्याच्यामुळे जातिवंत गुरांना धोका आहे. रिन्सेने पत्र घेतले आणि पोस्टात टाकायला गेले. पोस्ट पाच मिनिटांवर आहे, ते दीड तासाने परत आले. मी विचारले नाही. दोन आठवड्यांनी ट्रक आला आणि डोमिनीला कत्तलखान्यात घेऊन गेला.

"त्या दिवशी रिन्से चराच्या त्या बाजूला उभा होता," शिर्क म्हणाला. "फळी मधे. त्याने टोपी काढली. वळूसाठी की माझ्यासाठी, ते मला कळलं नाही."

माझ्या हाताने मी माझ्या सर्वांत चांगल्या गाईच्या बापाला मारले. मी कादंबऱ्या वाचत नाही, मला असे लिहायची सवय नाही. पण वहीत हिशेब मांडला तर तो असाच निघतो.

१९५९ साली साइत्स्केला लाल गोऱ्हा झाला. काळ्या-पांढऱ्या गोठ्यात लाल म्हणजे लाज. रिन्से पांढरे पडले आणि चार तासांत त्यांनी ते वासरू विकले. म्हणाले, नव्या वळूचा दोष. लाल रंग काळ्याखाली पिढ्यान्‌पिढ्या लपून राहतो, आणि आईबाप दोघांकडून आला तरच अंगावर दिसतो, हे शेतकी मासिकात मीच वाचून दाखवले होते. दोघांकडून. मी वाचले आणि पुढचे पान उलटले.

आणि ल्यूवार्डन. फीत बांधल्यावर वर्तमानपत्रवाल्याने विचारले, "बाई, याचं रहस्य काय?" मी म्हटले, "आम्ही रविवार पाळतो." ते छापून आले. कात्रण अजून बायबलमध्ये आहे. गर्दीत शिर्क होता, त्याने तोंडापुढे टोपी धरलेली मी पाहिली होती. मला वाटले, लाज वाटली असेल.

"लाज कसली," शिर्क म्हणाला. "हसू लपवत होतो. मग रडू आलं. डोमिनी असता तर त्याला सांगितलं असतं."

"तुम्ही मला का नाही सांगितलं? चौदा वर्षं!"

"रिन्सेला शब्द दिला होता. तो म्हणाला, हिस्केला कळलं तर ती जेवणार नाही." त्याने माझ्याकडे पाहिले. "जेवलात का?"

मी दोन दिवस जेवले नव्हते.

देवाने रविवार पाळल्याबद्दल मला साइत्स्के दिली, असे मी तेरा वर्षे प्रार्थनेत म्हणत आले. आता प्रार्थनेला बसते तेव्हा काय म्हणावे ते सुचत नाही. नुसती बसते. कदाचित जिला मी व्यवहार म्हटले तीच दया होती. बायबलच्या समासातली माझी ओळ कोणी खोडू नये. ती तशीच राहावी आणि बायबल डाउवेकडे राहावे.

एकतीस वह्या मंडळाकडे द्याव्या. १५ मे १९५० ची ओळ मी खोडलेली नाही, खाली लाल शाईने लिहिले आहे: "वरील नोंद खोटी आहे. साइत्स्के सातवीचा बाप शिर्क बोन्स्मा यांचा लाल वळू डोमिनी. रविवार, १४ मे, सकाळी. माहिती उशिरा मिळाली, कारण विचारली नाही." खाली सही. हीच ओळ मी काल प्रयोगशाळेला खुलासा म्हणून पाठवली, तिकीट पुरेसे लावून.

डाउवेला हे सांगितले तेव्हा तो गोठ्यात गेला आणि बराच वेळ बादल्या आपटत राहिला. मग दारात येऊन म्हणाला, "म्हणजे आपल्या गोठ्यातलं सगळं चांगलं त्या लाल गोणपाटाचं?" मी म्हटले, "अर्धं." तो म्हणाला, "बाबा भारी होते," आणि पुन्हा बादल्यांकडे गेला. हसत होता की काय, मी पाहिले नाही.

कलम पाच. माझ्या आईकडून आलेला सोन्याचा शिरोपट्टा, वजन एकशे बारा ग्रॅम, लग्नात आणि ल्यूवार्डनला असा दोनदाच घातलेला, विकून येईल ती रक्कम डाउवेला, गोऱ्ह्याची किंमत बुडाली त्याबद्दल. टाकी घ्यावी. अट एकच: मार्कीसचे नाव त्याने कधी कुठे लिहू नये.

कलम सहा. साइत्स्के सातवी, तिच्या पोटातल्या वासरासह, शिर्क बोन्स्मा यांना. पहिली कालवड देणे होते ती कधीच गेली, म्हणून आई. मंडळाच्या हिशेबी आता तिला कागद नाहीत, त्यामुळे किंमतही नाही. त्याला मी हे सांगितले. तो म्हणाला, "शेजारीणबाई, माझ्या गोठ्यात कुणालाच कागद नाहीत. तिला परकं वाटणार नाही."

हे सर्व मी वाचून, समजून सही केली आहे.

हिस्के डाइकस्ट्रा

साक्षीदार: वोप्के हूक्स्मा, दूध-तपासनीस. (याने आधी सगळे वाचले आणि म्हणाला, घड्याळ अजूनही याच वहीवर लावणार.)
साक्षीदार: आल्ट्ये व्हीर्स्मा, शाळामास्तर.

आल्डेवीर, गुरुवार, १२ नोव्हेंबर १९६४

ता. क. नोटरीसाहेब, एक अडचण आहे. मृत्युपत्र मी मेल्यावरच लागू होते असे शाळामास्तर म्हणतात. साइत्स्के तेरा वर्षांची, शिर्क शहात्तरचा, आणि थेंब घेऊन मी बरी आहे. आमच्या तिघांत आधी कोण जाईल ते सांगता येत नाही. ती मार्चमध्ये व्यायची आहे, आणि ते वासरू चराच्या पलीकडे जन्मावे अशी माझी इच्छा आहे. फळी डाउवेने काल नीट बसवली. तेव्हा कलम सहा माझ्या मरणाची वाट न पाहता आताच लागू करता येईल का, आणि त्याला फी किती, ते कृपया उलट टपाली कळवावे. तुमचे उत्तर रविवारी हाती पडले तरी चालेल. मी उघडीन.